ठेव त्याची, उचल आपली

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी व बेटे निर्माण झाली आणि नांदूर मध्यमेश्वर पक्ष्यांचे आश्रयस्थान बनले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

गेल्या पौषात आम्ही काही ज्येष्ठ नातवंडांसह तेथे गेलो. चक्रवाक, थापट्या, शराटी पाहून मुले हरखली. थवा उडावा म्हणून एकाने टाळीसाठी हात उचलले. गाइडने ते हलकेच धरले. "लांबून आलेत, बसू द्या त्यांना."

लडाख-तिबेटकडून येणारा चक्रवाक अंगी साठवलेल्या चरबीच्या बळावर परततो. ती साठते हिवाळ्यातील चरण्याने व विसाव्याने. त्याला अकारण उडवणे म्हणजे त्या ठेवीतून उचल करणे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ठेव त्याची आणि धनादेश वटवायचा आपण!

म्हणून अशा सहलीत गट लहान असावा, दुर्बिणीवर भागवावे, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत. चरणारा पक्षी मान उंचावून स्तब्ध झाला, की आपले पाऊल तेथेच थांबावे. एकही पक्षी न उडवता परतणे, हीच खरी पक्षिदर्शनाची पावती.