मोजणीपुरती मुले

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयात एका विद्वान गृहस्थांचे व्याख्यान झाले, आणि पुढच्याच आठवड्यात ते, टाळ्या पडल्या त्या त्या ठिकाणी कंसात तशी नोंद करून, स्थानिक साप्ताहिकात साद्यंत छापून आले. ऐकताना जे केवळ कंटाळवाणे वाटले होते ते वाचताना संतापजनक वाटले. कारण ऐकलेल्या शब्दांपैकी निम्मे पंख्याच्या घरघरीत विरून जातात, छापलेल्यांना तशी सवलत नसते. व्याख्यानाचा सारा रोख आमच्या प्रभागाच्या नगरसेविकाबाईंवर होता. त्यांचे नाव वक्त्यांनी घेतले नाही, मीही घेत नाही, आणि सौजन्याची परतफेड म्हणून वक्त्यांचेही घेत नाही.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. नगरसेवक निवडून द्यावयाचा तो नळ, गटार, दिवा आणि रस्ता या चार गोष्टींसाठी. मुलांना आईबाप आहेत, मास्तर आहेत, तेव्हा त्यांचा कैवार घेण्याचे नगरपरिषदेला प्रयोजन नाही. मुलांना मत नाही, आणि ज्यांना मतच नाही त्यांचा प्रतिनिधी म्हणवून घेणे हा शब्दांशी केलेला खेळ आहे. तरुणांना हवी असते नोकरी. ती देणे नगरपरिषदेच्या हाती नाही, म्हणून अभ्यासिका काढणे म्हणजे भुकेल्यापुढे नुसती पत्रावळ मांडणे होय. आणि शेंबड्या पोरांची बालसभा भरवून त्यांच्याकडून कारभाराला प्रश्न विचारवणे ही तर निव्वळ पोपटपंची. एवढे सांगावयास त्यांना पाऊण तास लागला होता. इतक्या आटोपशीरपणे आपली बाजू मांडल्याबद्दल ते माझे आभार मानतील अशी मात्र आशा नाही.

'मुलांना मत नाही' हे वाक्य उच्चारून वक्त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तो भूमितीतील सिद्धता संपवून फळ्याकडे पाठ फिरवणाऱ्या मास्तरांच्या थाटात. मला त्यांना नम्रपणे एवढेच विचारावयाचे आहे की, ज्या खुर्चीवर नगरसेवक बसतो ती खुर्ची मुळात उत्पन्न कशी होते याचा त्यांनी कधी तपास केला आहे काय? प्रभागांच्या सीमा आखल्या जातात त्या मतदारयादीवरून नव्हे, जनगणनेवरून; आणि जनगणनेचा कारकून दारात उभा राहून घरातील माणसांची वये लिहून घेतो खरी, परंतु अमक्याचे वय अठराच्या आत आहे या सबबीवर त्याला गाळीत नाही. त्याच्या तक्त्यात पाळण्यातले तान्हे हे एक डोके, आणि सत्तरी ओलांडलेले, वाचनालयात व्याख्याने देणारे विद्वान हेही एकच डोके. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने गावांचे जे अ, ब, क असे वर्ग पाडले तेही वस्तीच्या आकड्यावरून: ४०,००० पर्यंत क, तेथून १,००,००० पर्यंत ब, आणि त्याहून वर अ. आमचे गाव 'क' मधून 'ब' मध्ये चढले त्या वर्षी चौकात फटाके वाजले आणि अभिनंदनाचे फलक लागले. परंतु ४०,००० चा उंबरठा ओलांडावयास जी काही डोकी कमी पडत होती ती कोणत्या प्रसूतिगृहांतून आणि कोणत्या अंगणवाड्यांतून पुरवली गेली याचा निर्देश एकाही फलकावर नव्हता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या सुमारे ११ कोटी २४ लाख वस्तीपैकी सहा वर्षांपर्यंतची मुलेच सुमारे १ कोटी ३३ लाख भरली. चौथीची, आठवीची, दहावीची मुले यांत धरलेलीच नाहीत. म्हणजे दर आठ-साडेआठ डोक्यांमागे एक डोके जेमतेम पाटीपेन्सिलीपर्यंत पोचलेले. ते डोके गावाचा वर्ग चढवताना धरावयाचे, सभागृहातील जागा ठरवताना धरावयाचे, शासनाकडे अनुदान मागताना तर अगदी आवर्जून धरावयाचे, आणि त्याच डोक्याने खेळावयास हातभर जागा मागितली की त्याला 'बाळ, तुझे यादीत नाव आहे काय?' असा प्रश्न करून दाराबाहेर काढावयाचे!

बरे, ज्याला सही करता येत नाही त्याचा हक्क चालवावा कसा, हा पेच आपल्या दफ्तरांना कधी पडला होता असेही नाही. खेड्यातला निरक्षर शेतकरीसुद्धा सातबाऱ्याच्या उताऱ्यावरील 'अ.पा.क.' ही तीन अक्षरे ओळखतो. बाप वारला आणि मुलगा सहा महिन्यांचा असला, तर जमीन त्या सहा महिन्यांच्या मुलाच्याच नावाने लागते, पुढे अज्ञान पालन कर्ती म्हणून आईचे नाव येते, आणि मुलगा सज्ञान झाला की फेरफार होऊन ती तीन अक्षरे निघून जातात. त्या आईला कोणी 'शब्दांशी खेळ करणारी बाई' म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मग प्रभागाच्या समाईक मिळकतीत, म्हणजे तेथील मैदानात, शाळेत, दिव्याखालच्या रस्त्यात, ज्यांचा हिस्सा आहे पण आवाज नाही, त्यांच्या वतीने एखादी नगरसेविका अ.पा.क. म्हणून उभी राहिली तर वक्त्यांच्या पोटात का दुखावे? १९८९ च्या मार्चपर्यंत आपल्याकडे एकवीस वर्षांखालच्या कोणासही मत नव्हते. घटना दुरुस्त झाली आणि अठरा वर्षांचे तरुण मतदार झाले. ती दुरुस्ती अमलात येण्याच्या आदल्या दिवशी एकोणीस वर्षांच्या मुलाचा प्रतिनिधी कोणी नव्हता आणि दुसऱ्या दिवशी तो आकाशातून उतरला, असे त्यांचे मत असेल तर माझा नाइलाज आहे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण हा वाद नवा नाही आणि तो जुना आहे हे वक्त्यांना ठाऊक नसावे अशी मला दाट शंका आहे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करू द्यावे असे एक विधेयक १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळापुढे आले होते. ते आणणारे गृहस्थ अतिशय मवाळ होते. विधेयकही त्यांच्यासारखेच होते, कारण त्यात सक्ती होती ती सरकारवर नव्हे, आणि नगरपालिकांवरही नव्हे. ज्या नगरपालिकेस वा लोकल बोर्डास इच्छा होईल तिने ती आपल्या हद्दीत करावी, एवढीच मुभा होती. त्यावर जे आक्षेप निघाले ते आज वाचावे: लोक अद्याप तयार नाहीत, पैसा कोठून आणावा, मुलाला शाळेत धाडावे की गुरांमागे, हे बापाने ठरवावयाचे आहे, आणि मजूर शिकले तर शेतावर कोण राबेल. १९१२ साली ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पाचच वर्षांनी करवीर दरबारने आपल्या संस्थानात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला, आणि १९१८ साली मुंबई इलाख्यात नगरपालिकांना तसा अधिकार देणारा कायदा झाला. तेवढ्या अवधीत लोक एकाएकी तयार झाले की आक्षेप घेणारे थकले, याचा खुलासा कोणी केला नाही. मला या साऱ्यातून घ्यावयाचे आहे ते इतकेच की मुलांना शाळेत आणण्याचे काम आपल्या इलाख्यात प्रथम ज्यांच्याकडे कायद्याने सोपवले गेले त्या गावोगावच्या नगरपालिकाच होत्या. वक्त्यांच्या आजोबांना बाराखडी बहुधा अशाच एखाद्या शाळेने शिकवली असेल. आता मूळ पदावर येतो.

नळ, गटार आणि दिवा यांविषयी एक वाक्य पुरे: उघड्या गटारात पडते ते मूल, आणि शिकवणीहून परतताना अंधारा कोपरा टाळण्यासाठी दुप्पट लांबीच्या रस्त्याने येते ती मुलगी. शिवाय घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराचा रकाना असतो, तो वक्ते दरसाल मुकाट्याने भरत असणार. आणि मुलांचा कैवार हा जर नगरपरिषदेचा विषयच नसेल, तर कायद्याने महिला व बालकल्याण समिती नेमावयास सांगितली ती काय हळदीकुंकवाला वाटावयाचे स्टीलचे डबे पसंत करण्यासाठी?

पत्रावळीचा दृष्टान्त मला आवडला. पत्रावळ आधी मांडतात आणि वाढप मागून येते, हे पंगतीला बसलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. १९९९ साली नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात उठली, तेव्हापासून वेशीवरचा आमचा जकात नाका ओस पडला होता. पत्ते आणि बाटल्या एवढाच काय तो तेथील व्यवहार. आज तेथे रात्री अकरापर्यंत पंचवीस-तीस मुलेमुली तलाठ्याच्या आणि पोलीस भरतीच्या परीक्षांची पुस्तके उघडून बसलेली असतात, आणि ज्या खिडकीतून पूर्वी पावत्या फाडल्या जात तेथे आता पाण्याचा माठ आहे. त्यांतील कितींना नोकरी लागेल ते सांगता येत नाही. दोन खोल्यांच्या घरात, दूरदर्शन संच आणि आजारी आजोबा यांच्यामध्ये बसून अभ्यास होत नाही, हे मात्र सांगता येते.

राहिली पोपटपंची. त्या बालसभेला मी स्वतः हजर होतो. नगरसेवकांच्या खुर्च्यांवर मुले बसली होती आणि बहुतेकांचे पाय जमिनीला लागत नव्हते. पहिली चार भाषणे खरोखरच पाठ केलेली होती. त्यांत पर्यावरण होते, प्लास्टिक होते आणि 'आदरणीय व्यासपीठ' होते. वक्ते तेवढे ऐकून उठले असावेत. पाचवी उठली ती सातवीतली एक किरकोळ मुलगी. तिच्या हातात कागद नव्हता. ती म्हणाली, "आमच्या शाळेच्या संडासाला आतून कडी नाही. एक जण आत जाते, एक जण बाहेरून दार धरते. दार धरणारीचा तास बुडतो." मागल्या रांगेत कोणीतरी हसले. अधिकाऱ्यांपैकी एक जण समोरची फाइल चाळू लागले, जणू त्या कडीचा कागद तीत कोठेतरी लावून ठेवला होता. बाईंनी फक्त विचारले, "केव्हापासून?" मुलगी म्हणाली, "मी पाचवीत आले तेव्हापासून नाहीच." तिसऱ्या दिवशी कडी बसली. निविदा नाही, तांत्रिक मंजुरी नाही, हार्डवेअरच्या दुकानातली एक कडी आणि चार स्क्रू. शाळेची तपासणी करणारे दरसाल येत होते, शेरे लिहीत होते, चहा घेत होते. दार धरून उभी राहिलेली मुलगी त्यांतील एकालाही दिसली नाही. पोपटाने असे एखादे वाक्य बोलून दाखवले तर मी पोपट पाळावयास तयार आहे.

येथवर खंडन पुष्कळ झाले. मंडनाच्या बाजूला माझ्याजवळ तेवढा दारूगोळा नाही, हे आधीच कबूल करतो. बाईंचे सगळेच मला रुचते असे नाही. वाढदिवसाच्या फलकावर लहान मुलांच्या चेहऱ्यांची आरास करण्याची त्यांच्या कार्यकर्त्यांची हौस मला असह्य होते, आणि गुणवंतांच्या सत्कारात नव्वद टक्क्यांच्या आतील मुलांना पाय ठेवावयास जागा नसते हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "काका, पुढच्या वर्षी दहावीला दुसऱ्यांदा बसून सुटलेल्यांना बोलावू." बोलावतील तेव्हा पाहू. परंतु मुलांचा कैवार हा दयेचा किंवा भाषणाचा विषय नसून दफ्तर वाचण्याचा विषय आहे, हे मला त्यांच्याकडून कळले, आणि मंडन म्हणून सांगण्यासारखे माझ्याजवळ तेवढेच आहे.

आमच्या प्रभागात विकास आराखड्याने मैदानासाठी राखून ठेवलेली एक जागा आहे. नकाशात ती हिरव्या रंगाने दाखवलेली असली तरी मालकी खाजगी आहे, आणि प्रत्यक्षात तेथे रात्री घंटागाड्या उभ्या राहतात. दिवसा त्या गेल्यावर उरलेल्या ओल्या कचऱ्याच्या वासात मुले विटांचे स्टंप रचून खेळतात. नगररचनेच्या १९६६ च्या कायद्यात अशी तरतूद आहे की, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत अशी जागा संपादन झाली नाही तर मालकाने खरेदी सूचना द्यावी, आणि त्यानंतरच्या ठरीव मुदतीत नगरपरिषद स्वस्थ बसली तर आरक्षण व्यपगत होते. व्यपगत हा शब्द मोठा सभ्य आहे. त्यात कोणी काही घेत नाही, कोणी काही देत नाही, मैदान आपोआप नाहीसे होते. मालकाने सूचना दिली होती, आणि त्यात त्याचे काहीच चुकले नव्हते. ती आवक-जावक नोंदवहीत नोंदली गेली, फाइलीत लागली, आणि फाइल कपाटावर गेली. तिची वाच्यता सभागृहात झाली नाही, कारण ज्यांनी ओरडावयाचे त्यांचे सरासरी वय अकरा होते.

बाईंनी नोंदवहीचे रकाने दोन दुपारी बसून वाचले. मंजूर आराखड्याचा नकाशा 'सापडत नाही' असे उत्तर मिळाले, तेव्हा त्यांनी नक्कल फी भरून नगररचना कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत आणली. सर्वसाधारण सभेत हा विषय ऐनवेळच्या विषयांत, स्मशानभूमीच्या पत्र्यांनंतर आणि कमानीच्या रंगकामाआधी, घेण्यात आला. सभा तहकूब होता होता ठराव मंजूर झाला, आणि इतिवृत्तात तो साडेतीन ओळींचा आहे. मुदत संपावयास तेव्हा एकोणचाळीस दिवस उरले होते. संपादनाचा प्रस्ताव त्या मुदतीत गेला.

पैसा कोठून यावयाचा ते अद्याप ठरलेले नाही, मालक कोर्टात जाईल अशी बोलवा आहे, आणि परवा रात्री मी मुद्दाम त्या बाजूने गेलो तेव्हा घंटागाड्या होत्या तेथेच उभ्या होत्या; मी मोजल्या, सात भरल्या. संयुक्त मोजणीची तारीख भूमि अभिलेख कार्यालयाने अजून दिलेली नाही. मोजणी फी भरल्याची पावती तेवढी बाईंनी पर्समधून काढून दाखवली.