पस्तीस मिनिटांची सरस्वती

दिवाळीचा फराळ तयार झाला आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी असा हुकूम काढला की, डबे कुलपात राहतील. दर शनिवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी कुलूप निघेल. प्रत्येकाला एक करंजी मिळेल, ती कोणती हे आम्ही ठरवू. आणि दहा चाळीसला घंटा होताच अर्धी खाल्लेली करंजी परत डब्यात ठेवावी लागेल! तर त्या घरातली पोरे काय म्हणतील? पोरांचे जाऊ द्या, शेजारीपाजारीसुद्धा म्हणतील की, यजमानांचे डोके ठिकाणावर नाही. परंतु वाचकहो, नेमका हाच हुकूम आपण प्राथमिक शाळांतल्या गोष्टींच्या पुस्तकांवर वर्षानुवर्षे चालवीत आलो आहोत, आणि त्याला ‘ग्रंथालयाचा तास’ असे भारदस्त नाव देऊन मोकळे झालो आहोत.

मी जालना जिल्ह्यात मास्तरकी करतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे पुस्तक लिहिणे आणि पोरांच्या हाती पुस्तक देणे, या दोन्ही गोष्टींशी माझा रोजचा संबंध आहे. त्या अधिकाराने मी म्हणतो की, आठवड्यातला हा एकच तास म्हणजे वाचनाची सोय नव्हे. ती वाचनाची अडवणूक आहे. शाळेतले पुस्तक शाळा उघडी असेतोवर उघडे असले पाहिजे. जेव्हा मुलाला हवे तेव्हा ते त्याच्या हाताला लागले पाहिजे. त्यासाठी वेळापत्रकाची परवानगी लागता कामा नये.

आधी सरळ हिशेब मांडू. तास पस्तीस मिनिटांचा. मुख्याध्यापकांकडून किल्ली आणणे, कपाट उघडणे, चाळीस पोरांना पुस्तके वाटणे, ‘मला हे नको, ते द्या’ म्हणणाऱ्यांना गप्प करणे, यात दहा मिनिटे जातात. परत गोळा करून मोजायला पाच. उरली वीस. पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी लागते; म्हणजे सहा दिवसांचे सुमारे ३३ आठवडे. वीस मिनिटे गुणिले ३३ म्हणजे ६६० मिनिटे, अर्थात अकरा तास! त्याच कायद्याने या वर्गांना वर्षाकाठी ८०० तास शिकवावयाचे असते. म्हणजे शंभर तासांत दीड तासही मुलाच्या वाट्याला स्वतःच्या आवडीचे वाचन येत नाही. आणि हा हिशेब एकही तास न बुडाल्याचा आहे. प्रत्यक्षात शनिवारची शाळा सकाळची. कधी केंद्राची बैठक, कधी निवडणुकीचे काम, कधी कुणाची जयंती. बुडवायला सर्वांत सोपा तास कोणता, हे कोणत्याही मास्तरला झोपेतून उठवून विचारा!

आमच्या जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ सालची गोष्ट. समर्थांनी वाचनाचा नेम सांगितला तो रोजचा सांगितला, शनिवारचा नव्हे. शनिवार मारुतीचा. तो सरस्वतीच्या गळ्यात कुणी बांधला?

मुलाच्या मनातला प्रश्न काही घड्याळ पाहून उगवत नाही. मंगळवारी सकाळी एखादा पोरगा बापाच्या कपाशीतले किडके बोंड खिशात घालून शाळेत येतो. आतली शेंदरी अळी दाखवून विचारतो, ‘गुरुजी, ही आत शिरली कुठून?’ त्या क्षणी किड्यांचे एखादे सचित्र पुस्तक त्याच्या हाती पडले, तर तो पोरगा जन्मभर वाचक होण्याचा संभव असतो. आपण त्याला काय सांगतो? शनिवारी ये! शनिवारपर्यंत अळीही मरते आणि प्रश्नही मरतो. शनिवारी मॉनिटर जे पुस्तक समोर टाकील ते उघडून पोरगा बाहेर बघत बसतो. मग आम्ही शिक्षक मंडळी परिसंवादात गळा काढणार की, हल्लीच्या मुलांना वाचनाची गोडीच नाही!

यावर प्रतिपक्षाचे म्हणणे ठरलेले आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते म्हणतात, ‘वेळापत्रकात तास आहे म्हणून निदान आठवड्यातून एकदा कपाट उघडते. तो काढून टाका, म्हणजे ज्या शिक्षकाला पुस्तकाची आवड नाही त्याच्या वर्गाला वर्षभर पुस्तकाचे दर्शनच होणार नाही. हुशार पोरे धावत जाऊन पुस्तके मिळवतील; बुजरी, मागे पडलेली मुले तशीच राहतील.’

हाच वाद अमेरिकेतही झडलेला आहे. तिथल्या कित्येक प्राथमिक शाळांत प्रत्येक वर्गाला ग्रंथालयाचा ठराविक तास असतो, आणि त्यामागे एक अगदी संसारी कारण आहे: मुले ग्रंथपालाकडे गेली की तेवढा वेळ वर्गशिक्षकाला आपल्या पाठाची तयारी करता येते. शालेय ग्रंथपालांच्या तिथल्या संघटनेने मात्र १९९१ च्या सुमारास स्पष्ट भूमिका घेतली की, शिक्षकाला मोकळीक देण्यासाठी ग्रंथालयाचे तास लावू नयेत. मुलाला आणि वर्गाला गरज पडेल तेव्हा ग्रंथालय उघडे असावे. तिकडे हा वाद अजून मिटलेला नाही, कारण शिक्षकाचा मोकळा तास काढून घेणे सोपे नसते.

परंतु आमच्याकडे हे कारणही लागू नाही! आमच्या प्राथमिक शाळेला ग्रंथपालच नसतो. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे लिहिले आहे. पण ग्रंथपालाची जागा त्यात नाही. आमचे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले एक लोखंडी कपाट. तास असो वा नसो, ते वर्गशिक्षकालाच उघडावे लागते. मग त्याने शनिवारीच का उघडावे? बुजऱ्या मुलाची चिंता असेल, तर तास खुशाल ठेवा. त्या तासात गुरुजींनी मोठ्याने गोष्ट वाचून दाखवावी, मागच्या मुलाला पुढे बसवावे, त्याच्या हाती त्याला झेपेल असे पुस्तक द्यावे. तास असावा तो वाचनाची ओढ लावण्यासाठी. ओढ लागल्यावर जायचे दार मात्र रोज उघडे हवे.

खरे म्हणजे तास हे निमित्त आहे. दुखणे आहे ते किल्लीचे! मी पाहिलेल्या एका शाळेत, नाव कशाला सांगू, कपाटाच्या काचेवर ‘पुस्तकांस हात लावू नये’ अशी सुरेख अक्षरांत पाटी होती. आतली पुस्तके इतकी कोरी की, पाने एकमेकांना चिकटलेली. त्या शाळेतल्या गुरुजींना मी दोष देत नाही. पुस्तक डेडस्टॉकच्या रजिस्टरात चढलेले असते. एक जरी कमी भरले, तर चार्ज देताना आणि तपासणीच्या वेळी उत्तर द्यावे लागते. प्रसंगी पगारातून भरपाई करावी लागते. पुस्तक कुणी वाचले नाही म्हणून एकाही मास्तरला नोटीस आल्याचे मी ऐकलेले नाही. हरवल्याबद्दल मात्र येते. मग शहाणा मास्तर काय करील? कुलूप लावील!

मध्ययुगात युरोपातल्या मठांतून आणि विद्यापीठांतून पुस्तके फळीला साखळदंडांनी बांधलेली असत. पण साखळीतले पुस्तक निदान उघडून वाचता तरी येई! मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच असा की, पुस्तके असतात ती वापरण्यासाठी. इतकी उघड गोष्ट नियम म्हणून सांगावी लागली, यातच सारे आले.

आणि सरकारला हरवणे मान्य नाही, असेही समजू नका. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत २१५ व्या नियमात स्पष्ट म्हटले आहे की, वर्षभरात दिल्याघेतल्या गेलेल्या हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ झाले, तर लबाडी किंवा हलगर्जीपणा नसल्यास ते वाजवी समजावे. दिल्लीच्या कार्यालयांतल्या मोठ्या माणसांना हजारी पाचाची सूट, आणि मंठ्याच्या किंवा जाफ्राबादच्या सात वर्षांच्या पोरासाठी मात्र कुलूप, हा कुठला न्याय? दोनशे पुस्तकांच्या शाळेत प्रत्येक पुस्तक वर्षात पाच वेळा घरी गेले, तर हजार देवघेवी होतात. पाच पुस्तके गेली आणि हजार वाचने झाली, तर सौदा तोट्याचा की फायद्याचा, हे जालन्याच्या मोंढ्यातला कोणताही व्यापारी सांगेल.

उघड्या पुस्तकाची गरज शहरी शाळेपेक्षा आमच्या वाडी-तांड्यावरच्या शाळेला अधिक आहे. साठपर्यंत पटाच्या शाळेला दोन शिक्षक. म्हणजे एका मास्तरपुढे दोन-दोन, तीन-तीन इयत्ता. तो पहिलीला अक्षरे गिरवायला शिकवीत असता तिसरीच्या मुलांनी काय करावे? पाढे पुन्हा लिहावेत, नाहीतर एकमेकांच्या खोड्या काढाव्यात! तिथेच भिंतीला दोरी बांधून पंचवीस पुस्तके टांगलेली असली, तर गणित संपवलेले पोरगे उठून आपले पुस्तक घेईल आणि गुरुजींचे निम्मे काम हलके करील. घरी गोरमाटी बोलणाऱ्या तांड्यावरच्या मुलीला चित्रांच्या आधाराने मराठीशी मैत्री करायला दिवसातून दहा वेळा पुस्तक चाळावे लागते. आठवड्यातून वीस मिनिटांत ती मैत्री होत नाही.

आणि आता, ऐन दिवाळीत, एक गोष्ट सांगावीच लागेल. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून या दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबापांबरोबर पोरेही जातात, ती कारखान्यांचा हंगाम आटोपल्यावर मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. काही मुले हंगामी वसतिगृहांमुळे गावी राहतात. बाकीची फडाशेजारच्या कोपीत. त्या मुलांच्या शनिवारचे काय? त्यांच्या वाटणीचा तास त्या काळात भरतच नाही. ‘बाहेरगावी जाणार म्हणून पुस्तक देता येत नाही’ असे त्यांनाच सांगितले जाते, आणि खरे पाहता पुस्तक द्यावे ते त्यांनाच. धाकट्या भावंडाला सांभाळीत कोपीच्या दाराशी बसलेल्या मुलीकडे तीन-चार गोष्टींची पुस्तके असली, तर सहा महिन्यांत वाचन विसरून ती पुन्हा पहिलीच्या पायरीवर येणार नाही. पुस्तके उसाच्या चिखलाने मळतील, एखादे चुलीत जाईल. जाऊ द्या! पोरीचे वर्ष जाण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

कुणी म्हणेल, हे सारे स्वप्नरंजन आहे. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला मास्तरही वर्गातच ग्रंथालय थाटतो, आणि त्यालाही लोक वेड्यात काढतात. पण आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डेन नावाचे ग्रंथपाल बोलावून बडोदे संस्थानात गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, ते काही स्वप्न नव्हते. उलट आमच्या मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत मराठी वाचनालय चालवणे म्हणजे पोलिसांची नजर ओढवून घेणे होते. तरी लोकांनी ती चालवली. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य बुडाले. आज पहारा कुणाचाच नाही, आणि तरीही पुस्तक कोठडीत!

२०१५ पासून महाराष्ट्रात १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन होतो. त्या दिवशी कपाटे उघडतात, पोरांना ओळीने बसवतात, छायाचित्रे काढतात. मग १६ ऑक्टोबरला काय होते, ते एकदा आपल्या गावच्या शाळेत जाऊन बघा.

बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंतची तरतूद आहे. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली की, समितीच्या पहिल्याच बैठकीत किती पुस्तके आहेत हे विचारू नका. या महिन्यात किती पुस्तके पोरांच्या घरी गेली, ते विचारा. पुस्तके कपाटातून वर्गात आणण्याचा, देवघेवीची वही पोरांच्याच हाती सोपवण्याचा आणि वापराने फाटलेले पुस्तक मास्तरच्या माथी न मारण्याचा ठराव लिहून घ्या, आणि खाली सह्या करा. एकदा गावाच्या सह्या त्या ठरावावर पडल्या, की किल्लीला भिणारा मास्तर निर्धास्त होईल. मी मास्तर आहे, म्हणून सांगतो: आम्हाला कुलपाची हौस नाही, आम्हाला पाठीशी गाव हवे आहे.