परक्या डोमेनची वाट आपल्या दारी

अनोळखी डोमेन आपल्या संकेतस्थळाकडे वळलेलं दिसलं, तर आधी ते कसं वळवलंय ते पाहा. त्याच्या डीएनएसमध्ये आपल्या सर्व्हरचा आयपी पत्ता असेल, तर परक्या नावाखाली आपलाच मजकूर उघडू शकतो. याचा इलाज आपल्याच हाती आहे: ब्राउझर प्रत्येक विनंतीसोबत डोमेनचं नाव पाठवतो, ते आपलं नसेल तर सर्व्हरने मजकूर देऊच नये. ‘३०१’ या कायमच्या रीडायरेक्टने वळवलेला वाचक मात्र आपल्याच नावाने येतो, मधलं डोमेन नोंदीत बहुधा दिसतही नाही. खरा धोका इथेच आहे. आज आपल्याकडे वळवून विश्वास कमावलेलं, आपल्यासारखंच दिसणारं नाव उद्या खोट्या लॉगिन पानाकडे वळवता येतं. असं नाव आढळलं की वाट पाहू नका. त्याच्या रजिस्ट्रारकडे आजच तक्रार करा आणि ग्राहकांनाही सावध करा.