पांढरीवरची घरं आणि नागपूरची कॉलेजं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते आणि वर्षातून एकदा पांढुर्ण्याचं नाव पेपरात येतं. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे दगडांचा मारा. तोच काळा दगड इथल्या घरांच्या जोत्यात कसा बसवलाय, हे बघायला मात्र कोणी येत नाही. मी नागपुरात वास्तुकला शिकवतो आणि माझं गाव सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या सौसर तालुक्यात आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंना बोल लावायला मी मोकळा आहे.

जुनी इमारत टेप लावून मोजायची आणि तिचे नकाशे काढायचे, हा आमच्या अभ्यासक्रमाचा जुना भाग. मुंबईच्या जे. जे. मध्ये क्लॉड बॅटली यांनी विद्यार्थ्यांकडून असे नकाशे काढून घेतले आणि त्यांतून १९३४ मध्ये पुस्तक उभं केलं. आजही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या देशव्यापी स्पर्धेत या कामासाठी लुई कान ट्रॉफी असते. तिच्यासाठी पोरं रात्र रात्र जागतात. पण बस निघते ती बुंदीला, चेट्टिनाडला, फार तर वाईला. सौसर नागपूरहून दीड-दोन तासांवर, तरी तिकडे बस वळत नाही.

याला कारण आहे १ नोव्हेंबर १९५६. त्या तारखेपर्यंत आमची राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. दवाखान्याला आणि लग्नाच्या बस्त्याला माणसं अजून नागपूरच गाठतात, संत्र्याच्या गाड्याही तिकडेच उतरतात. अभ्यासाचा विषय निघाला की मात्र आम्ही परराज्यातले. भोपाळला आम्ही पार टोकाचे वाटतो, नागपूरला बाहेरचे.

इथे शिकण्यासारखं काय आहे म्हणाल, तर पहिला धडा मातीचा. जुनं गावठाण पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या थोड्या उंचवट्यावर. काळी शेतीसाठी राखलेली. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. आता कापसाची वावरं मोडून लेआउट पडतात, त्याच काळ्या मातीवर उथळ पाया घेऊन स्लॅबची घरं चढतात आणि दोन-चार पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. मालक सिमेंटला शिव्या देतो. बिचाऱ्या सिमेंटचा त्यात काही दोष नसतो.

दुसरा धडा खांबाचा. आमच्याकडच्या जुन्या घराच्या ओसरीत उकिडवं बसून बघा. सागाचा खांब जमिनीत गाडलेला नाही, तो दगडी तळखड्यावर नुसता उभा आहे. त्यामुळे ओल चढत नाही, वाळवी वर यायला निघाली तर दगडावर दिसते. वर मयाल, म्हणजे आडवी तुळई, त्यावर बल्ल्या, बांबू आणि कवेलू, म्हणजे कौलं. छताचा भार खांबांवर. मधली भिंत पांढरी माती, गव्हांडा आणि शेणाच्या गाऱ्याची, ती नुसता आडोसा. भिंत एखाद्या झडीत बसली तरी छप्पर जागेवर राहतं आणि घरातले पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उभी करतात.

यावर कोणीतरी किल्लारीच्या भूकंपाची आठवण करून देतो आणि ते रास्तच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे थर झोपलेल्या माणसांवर आले. पण भिंती पडूनही लाकडी खांब उभे राहिलेली घरं तिथे होती, आणि दोन्ही अंगांना धरून ठेवणारा लांब दगड नसलेल्या भिंती फुटून दुभंगल्या होत्या. मग २२ मे १९९७ ला जबलपूरच्या भूकंपाने आमचा तेव्हाचा छिंदवाडा जिल्हाही हादरला. जुनं म्हणून सगळंच डोक्यावर घ्यावं, असं मी वर्गात कधी सांगत नाही. काय ठेवायचं आणि काय दुरुस्त करायचं, हे ज्याला घर बघून सांगता येतं, त्यालाच मी पास करतो.

छिंदवाड्याकडच्या देवगडच्या किल्ल्याची काळजी करायला निदान कायदा आहे, खातं आहे. राहत्या घराला कोणी नाही. घरकुल योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर. ते मिळायला आधीचं घर कच्चं ठरावं लागतं. ज्याच्या डोक्यावर गळकं छप्पर आहे त्याने तो पैसा घ्यावाच, त्यात दुमत नाही. पण घर उतरवताना खांब, मयाल, चौकटी लाकडाच्या टालीवर जातात आणि पुढे शहरातल्या एखाद्या हॉटेलात 'पारंपरिक' म्हणून मिरवतात. रोजंदारीवर विटेचं काम करणारा मिस्त्री सहज मिळतो. गाऱ्याची भिंत जाणणारा आता म्हातारा झालाय. अशाच एकाने मला तोंडावर सुनावलं, ''सर, तुमचे पोट्टे नकाशे बेस काढतात, पन गाऱ्यात पाय कोन टाकनार?''

त्याच्या प्रश्नाला कॉलेजकडे उत्तर नाही. पदवी नसलेल्या माणसाला वर्गात उभं करायचं तर नियम आडवे येतात. मानधनाच्या कागदावर 'पात्रता' या रकान्यात काय लिहावं, यावरच गाडी अडते. भोपाळला किंवा नागपूरला कोणी एका जणाने हा रकाना बदलला, तर जेवढं संवर्धन होईल तेवढं दहा परिसंवादांतून होणार नाही.

पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये जिल्हा झाला; सौसर त्यातच आलं. आता कचेऱ्या बांधायच्या, रस्ते रुंद करायचे, म्हणजे जुन्या पेठेतल्या ओसऱ्या आधी जाणार. त्या पाडू नका असं मी म्हणत नाही, माझं कोणी ऐकणारही नाही. पण लाल रेघ मारण्याआधी त्या मोजून घ्या. पोरं आमची, टेप आमचे. जिल्ह्याने फक्त परवानगीचं पत्र आणि राहायला एखादी शाळा द्यावी. नव्या कचेरीच्या एका तरी इमारतीला खोल ओसरी आणि कवेलू द्यायला काय हरकत आहे, हेही विचारायला हवं.

कॉलेजांना एक अडचण येईल, ती आताच सांगतो. आमची अभ्याससहल हिवाळ्यात असते, कारण हवा चांगली असते. कवेलू मात्र पावसाआधी, मे महिन्यात फेरतात. छप्पर उघडं पडतं, जोड दिसतात, कुजलेली बल्ली बदलतात, ते तेव्हाच. सहल मे महिन्यात न्यावी लागेल. पालक उन्हाची तक्रार करतील. त्यांना सांगावं, पहाटे सहाला कामाला लागून अकराला सावलीत यायचं. मिस्त्रीही तसंच करतो.