उत्तरेचे पाहुणे

पक्षी पाहण्यासाठी दूर उत्तरेकडील सागरतीरी सहल न्यावी, अशी इच्छा काही विद्यार्थी बोलून दाखवितात. इच्छा स्तुत्य आहे. परंतु आमच्या मते तिचा आरंभ सोलापुरातच व्हावा. छोटा टिलवा हा चिमणीएवढा पक्षी. वजन अवघे दोन-अडीच तोळे. त्याची वीण होते ती उत्तर ध्रुवानजीकच्या ओसाड, हिममय प्रदेशात. आणि थंडीत तो हजारो मैल उडून आपल्याकडील जलाशयांच्या काठी चिखलातील किडे टिपावयास येतो.

तेव्हा पौष महिन्यात एकरूख तलावाचा, म्हणजेच आपल्या हिप्परग्याच्या तलावाचा, बेत करावा. हा तलाव 1871 साली बांधून पुरा झाला. पहाटे निघावे, मुले थोडी असावीत, वस्त्रे मातकट रंगाची असावीत. दुर्बीण नसली तरी प्रत्येकाजवळ वही असावी. मात्र पक्ष्यांस उडवून त्यांची छबी टिपणे म्हणजे दमलेल्या पाहुण्यास भरल्या ताटावरून उठविणे होय. परतीच्या प्रवासाचे बळ त्यास त्या चिखलातूनच मिळवावयाचे असते.

नान्नज येथे माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झाले. तरी आज तो तेथे क्वचितच दृष्टीस पडतो. केवळ सरकारी आज्ञेने पक्षी राहत नाहीत. शेजारी राहणाऱ्यांची आस्थाही लागते, हे पालकांनीही ध्यानी घ्यावे. घरच्या तळ्याची अदब राखण्यास जो शिकला, तोच परक्या किनाऱ्यावर पाऊल ठेवण्यास पात्र झाला.