म्हैसूरचा साबू आणि दोन अंकांचे कॉमिक

साबू म्हटले की आपल्याकडच्या मुलांपुढे चाचा चौधरीचा साबू उभा राहतो. गुरू ग्रहावरून आलेला, धिप्पाड आणि तेवढाच भोळा. पण त्याच्या कितीतरी आधी एक खराखुरा साबू होऊन गेला. तो म्हैसूरचा. आणि त्याच्या नावाचे कॉमिक चक्क अमेरिकेत निघाले होते!

म्हैसूर संस्थानातल्या कारापूर येथे १९२४ साली एका मुसलमान माहुताच्या घरी त्याचा जन्म झाला. कबिनी नदीकाठचा हा टापू रानहत्ती पकडण्याच्या खेड्ड्यासाठी प्रसिद्ध होता. वडील वारले तेव्हा साबू जेमतेम सात वर्षांचा. तो वाढला महाराजांच्या पीलखान्यात. पुढे किपलिंगच्या गोष्टीवर चित्रपट काढण्यासाठी रॉबर्ट फ्लॅहर्टी म्हैसूरला आले आणि हत्तीशी सहज वागणारा हा पोरगा त्यांच्या चमूच्या नजरेत भरला. १९३७ साली ‘एलिफंट बॉय’ झळकला आणि साबू जगभर गाजला.

‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) मधला चलाख चोर तोच, ‘जंगल बुक’ (१९४२) मधला मोगलीही तोच. सावळ्या वर्णाच्या मुलाच्या नावावर तिकिटे खपत होती, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मात्र त्याच वर्षी आलेल्या ‘अरेबियन नाइट्स’मध्ये नायक झाला जॉन हॉल, आणि साबू नायकाचा चपळ साथीदार! मुलगा मोठा झाला होता ना. गोंडस पोर म्हणून चालला, तरणाबांड नायक म्हणून मात्र निर्मात्यांना त्याची धास्ती वाटली असावी.

खरे शौर्य त्याने पडद्याबाहेर गाजवले. १९४४ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन तो हवाई दलात गेला, बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीकडची मशीनगन त्याने सांभाळली आणि ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे पदक मिळवले.

आता त्या कॉमिकची हकिगत. व्हिक्टर फॉक्स नावाचा प्रकाशक होता. १९३९ मध्ये त्याने सुपरमॅनची नक्कल काढली आणि तो कोर्टात हरला. नंतर ‘ब्लू बीटल’वर त्याचे बरे चालले. युद्ध संपल्यावर मुखवटेवाल्या वीरांचा खप घसरला, तेव्हा स्वारी जंगलकथा, गुन्हेकथा आणि प्रेमकथांकडे वळली. त्या धावपळीत १९५० मध्ये ‘साबू, एलिफंट बॉय’ बाजारात आले. गंमत म्हणजे पहिल्याच अंकावर क्रमांक होता ३०! बंद पडलेल्या एका प्रेमकथांच्या अंकाचा क्रमांक पुढे चालवला होता. टपालाच्या सवलतीसाठी नवी नोंदणी करण्याचा खर्च वाचवायला त्या धंद्यात अशी युक्ती सर्रास वापरत. पुढचा अंक क्रमांक २, आणि तोच शेवटचा. फॉक्सचे दिवाळे वाजले होते.

पहिल्या अंकात चित्रे काढणारा वॉली वूड पुढे मोठा झाला. ‘डेअरडेव्हिल’ला लाल पोशाख चढवला तो त्यानेच. साबूला मात्र कुणी नवा पोशाख दिला नाही. त्या वेळी तो सव्वीस वर्षांचा होता, लग्न झालेला, युद्ध पाहून आलेला. आणि मुखपृष्ठावर अजूनही ‘बॉय’!

पुढे कामे आटत गेली. १९५२ मध्ये तो इंग्लंडच्या सर्कशीत हत्तींसह उभा राहिला. ‘मदर इंडिया’तल्या बिरजूसाठी मेहबूब खान यांनी त्याचा विचार केला होता म्हणतात, ती भूमिका सुनील दत्त यांच्याकडे गेली. भावासोबत त्याने फर्निचरचे दुकानही काढले. २ डिसेंबर १९६३ रोजी हृदयविकाराने तो गेला, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी.

दोष एकट्या हॉलिवूडला देता येणार नाही. लगेच पुढच्या वर्षी, १९६४ मध्ये, आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले आणि आपल्या मुलांनी डोक्यावर घेतला तो वेताळ, म्हणजे जंगलावर हुकमत गाजवणारा गोरा वीर. आबिद सुरती यांचा देशी ‘बहादूर’ त्यात यायला १९७६ साल उजाडले. १९९० मध्ये इंद्रजालही बंद पडले. स्पायडरमॅनचा भारतीय अवतार पवित्र प्रभाकर २००४ मध्ये निघाला, तोही चारच अंकांचा. मोठ्या पडद्यावर तो दिसला २०२३ मध्ये. त्याच्या पोशाखात धोतर आहे, पण राहतो तो मुंबईच्या धर्तीवरच्या शहरात, उंच इमारतींमधून झोके घेत.

आणि कारापूर? तिथले बरेचसे जुने रान कबिनी धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर हत्तींचे कळप जमतात आणि पर्यटक जीपमधून त्यांचे फोटो काढतात.