गेममधले गांधीजी खरंच अणुबॉम्ब टाकायचे का? ‘न्यूक्लियर गांधी’ मीममागची खरी गोष्ट

भारताचे नेते आहेत महात्मा गांधी. शेजारी देशांशी त्यांचे संबंध गोडीचे आहेत. शास्त्रज्ञ संशोधनात गुंतलेत, देशात लोकशाही आलीय आणि अचानक एके दिवशी हेच गांधीजी समोरच्या देशाला अणुबॉम्बची धमकी देतात. ‘सिव्हिलायझेशन’ या कॉम्प्युटर गेममधला हा प्रसंग ‘न्यूक्लियर गांधी’ या नावाने जगभर मीम झाला. त्यासोबत एक पक्कं तांत्रिक कारणही फिरतं: गेमच्या कोडमध्ये वजाबाकीची एक चूक होती आणि तिने अहिंसेच्या पुजाऱ्याला सर्वांत हिंसक नेता करून टाकलं.

रेडिटवर, यूट्यूबवर आणि प्रोग्रामिंगच्या वर्गातही ही गोष्ट सांगितली गेली. तिच्यात एकच अडचण आहे. ज्यांनी हा गेम बनवला, ते म्हणतात की अशी चूक कधी नव्हतीच.

‘सिव्हिलायझेशन’ काय आहे?

१९९१ साली मायक्रोप्रोझ या अमेरिकन कंपनीने हा गेम बाजारात आणला. तो तयार केला सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी. इसवीसनपूर्व ४००० मध्ये एक छोटी वस्ती वसवायची आणि तिथून शेती, लिपी, तोफा, रेल्वे असं करत अंतराळयुगापर्यंत पोहोचायचं, असा त्याचा आवाका. जिंकायचं तर सगळं जग काबीज करा किंवा सर्वांच्या आधी दुसऱ्या ताऱ्याकडे यान पाठवा.

गेममध्ये १४ संस्कृती होत्या आणि प्रत्येकीला इतिहासातला एक नेता. अमेरिकेचे लिंकन, फ्रान्सचा नेपोलियन, मंगोलांचा चंगीझ खान, रशियाचा स्टॅलिन आणि भारताचे गांधी. खेळणाऱ्याने एक संस्कृती निवडायची, बाकीच्यांचे नेते कॉम्प्युटर चालवणार. कोण भांडखोर, कोण शांत, हे त्यांच्या स्वभावाच्या आकड्यांवर ठरायचं.

व्हायरल गोष्ट काय सांगते?

गोष्ट अशी. प्रत्येक नेत्याला आक्रमकतेचे गुण दिले होते. गांधीजी शांतताप्रिय, म्हणून त्यांना सर्वांत कमी, म्हणजे १. एखाद्या देशाने लोकशाही स्वीकारली की त्याची आक्रमकता २ ने कमी व्हायची. आता १ मधून २ गेले तर उरतात उणे १. पण हा आकडा ज्या जागेत साठवला होता, तिथे उणे संख्या बसतच नव्हती. त्यामुळे मोजणी उलटी फिरली आणि गांधीजींची आक्रमकता थेट २५५ झाली. लोकशाही गेममध्ये उशिरा येते आणि अणुबॉम्बही त्याच सुमारास. म्हणून गांधीजी एकदम बॉम्ब घेऊन उभे.

२५५ हाच आकडा का?

जुन्या स्कूटरचा किलोमीटर दाखवणारा मीटर आठवा. ९९९९९ झाले की पुढच्या किलोमीटरला तो पुन्हा ००००० दाखवायचा, कारण सहावा आकडा मावायला जागाच नव्हती. ००००० वरून काटा एक घर मागे फिरवला, तर तो ९९९९९ दाखवेल.

कॉम्प्युटरमध्येही आकड्याला ठरावीक जागा असते. ८ बिटच्या जागेत २५६ वेगवेगळ्या किमती मावतात, म्हणजे ० ते २५५. त्या जागेत फक्त शून्य आणि धन संख्या ठेवायच्या असं ठरवलं असेल, तर ० मधून १ वजा केल्यावर मीटर उलटा फिरतो आणि २५५ येतात.

अशा चुका खरंच होतात का?

होतात, आणि म्हणूनच ही गोष्ट पटते. ‘पॅक-मॅन’ या १९८० च्या गेममध्ये २५६ वी पातळी गाठली की पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं आणि आकड्यांच्या कचऱ्याने भरून जातो. कारण पातळी मोजणारा आकडा ८ बिटच्या जागेत होता. ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याचे व्ह्यूज २०१४ मध्ये २१४ कोटी ७४ लाखांपलीकडे जायला लागले, तेव्हा यूट्यूबला काउंटरची मर्यादा वाढवावी लागली.

गेमबाहेर तर अशी चूक महागात पडली आहे. १९९६ मध्ये युरोपचं एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात अवघ्या ४० सेकंदांच्या आसपास नष्ट झालं. एक मोठा आकडा १६ बिटच्या जागेत कोंबण्याचा प्रयत्न झाला होता.

म्हणजे ‘न्यूक्लियर गांधी’च्या स्पष्टीकरणातलं विज्ञान बरोबर आहे. प्रश्न आहे तो हे गांधीजींच्या बाबतीत घडलं का, हा.

मग खोटं काय?

सिड मायर यांनी २०२० मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनी ही गोष्ट सरळ नाकारली. गेम सी या भाषेत लिहिला होता आणि त्या भाषेत पूर्णांकांमध्ये उणे संख्या आपोआप चालतात. म्हणजे १ मधून २ गेले असते, तरी उत्तर उणे १ च राहिलं असतं. मीटर उलटा फिरण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय लोकशाही आल्यावर नेत्याची आक्रमकता कमी होते, असा नियमही गेममध्ये नव्हता. वजाबाकीच नाही, तर चूक कुठून येणार?

‘सिव्हिलायझेशन २’चे मुख्य डिझायनर ब्रायन रेनॉल्ड्स यांनीही हेच सांगितलं. ‘पीपल मेक गेम्स’ या यूट्यूब चॅनलने २०१९ मध्ये या दंतकथेचा माग काढला, तेव्हा ही केवळ अफवा असल्याची त्यांना जवळपास खात्री होती. त्यांच्या म्हणण्यानुसार पहिल्या गेममध्ये आक्रमकतेच्या तीनच पायऱ्या होत्या. गांधीजी सर्वांत खालच्या पायरीवर होते हे खरं, पण त्या पायरीवर ते एकटे नव्हते. जवळपास एक तृतीयांश नेते तिथेच होते. आणि आकडा कसाबसा २५५ झाला असता, तरी नेता सर्वांत वरच्या पायरीवरच्या नेत्यापेक्षा जास्त भांडला नसता.

पण खेळणाऱ्यांनी गांधीजींना धमकी देताना पाहिलंय, त्याचं काय?

ते खरंच पाहिलंय. पहिल्या गेममध्ये ज्या नेत्याकडे अण्वस्त्रं असतील, तो बोलणी करताना त्यांची आठवण करून द्यायचा. ते वाक्य सगळ्यांसाठी एकच होतं. लिंकन बोलले तरी तेच, गांधीजी बोलले तरी तेच.

त्यात भारत ही संस्कृती शांत आणि संशोधनाकडे ओढा असलेली. लढाया कमी, त्यामुळे विज्ञानात पुढे. म्हणून अणुतंत्रज्ञान भारताच्या हाती अनेकदा इतरांच्या आधी लागायचं. लिंकनच्या तोंडून तीच धमकी आली तर कुणी लक्षात ठेवली नाही. धोतर नेसलेल्या, चष्मा लावलेल्या गांधीजींच्या तोंडून आली तेव्हा ती कुणी विसरलं नाही.

त्यात खऱ्या इतिहासाचीही भर. गांधीजींनी १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये अणुबॉम्बविरुद्ध लिहिलं होतं. पुढे १९७४ मध्ये त्यांच्याच देशाने पोखरणला पहिली अणुचाचणी केली आणि ती ओळखली जाते ‘स्माइलिंग बुद्धा’ या नावाने. अहिंसा आणि अणुबॉम्ब ही जोडी भारतात गेमच्याही आधी जमली होती. त्यामुळे विनोद लगेच कळायचा, समजावून सांगावा लागायचा नाही.

अफवा नेमकी सुरू कधी झाली?

इथेच खरी गंमत आहे. गेम आला १९९१ मध्ये. त्या बगची गोष्ट ऑनलाइन सापडते ती २०१२ मध्ये, म्हणजे २१ वर्षांनी. ‘टीव्ही ट्रोप्स’ या कुणालाही लिहिता येईल अशा विकीवर एका युजरने ती टाकली, कसलाही पुरावा न देता. त्याच वर्षी ती चाहत्यांच्या दुसऱ्या विकीवर पोहोचली. २०१४ पर्यंत रेडिट आणि गेमिंगच्या बातम्या देणाऱ्या वेबसाइटवर ती सर्रास दिसू लागली. एकाने दुसऱ्याचा हवाला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याचा आणि मूळ कोड उघडून बघायचा कुणीच नाही.

म्हणजे गांधीजींच्या हाती बॉम्ब कधीच नव्हता?

नंतर आला, आणि तो मुद्दाम दिला गेला. २०१० च्या ‘सिव्हिलायझेशन ५’मध्ये नेत्यांच्या स्वभावाला १ ते १० असे गुण होते. डिझायनर जॉन शेफर यांनी गांधीजींना अण्वस्त्रं वापरण्याच्या बाबतीत १२ गुण दिले. प्रत्येक खेळात हे गुण दोनने कमी-जास्त होऊ शकत होते. त्यामुळे दोन कमी झाले, तरी गांधीजी १० वरच. हा बग नव्हता, डिझायनरने केलेला विनोद होता.

खेळणाऱ्यांना २०१० च्या गेममध्ये गांधीजी खरोखर बॉम्ब टाकताना दिसले आणि दोनच वर्षांनी त्याचं ‘मूळ’ १९९१ मध्ये असल्याची गोष्ट आली. आधी विनोद, मग त्याचा इतिहास, असा हा उलटा प्रवास. २०१६ च्या ‘सिव्हिलायझेशन ६’मध्येही अण्वस्त्रप्रेमी असण्याचा छुपा स्वभाव गांधीजींना मिळण्याची शक्यता मुद्दाम जास्त ठेवली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘सिव्हिलायझेशन ७’ आला, तेव्हा भारताच्या बाजूने सम्राट अशोक होते, गांधीजी नव्हते.

विचित्र म्हणजे खोटंच, असं समजायचं का?

नाही. गेमच्याच दुनियेतल्या आणखी दोन गोष्टी बघा.

पहिली, अटारी कंपनीने न विकल्या गेलेल्या गेमच्या कॅसेट अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या. ऐकायला थाप वाटते. १९८२ च्या नाताळासाठी ‘ई.टी.’ चित्रपटावरचा गेम जेमतेम पाच आठवड्यांत बनवला गेला, तो आपटला आणि कॅसेट कचऱ्यात गेल्या, असं सांगितलं जायचं. अनेकांनी ती दंतकथा मानली. पण १९८३ मध्येच वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली होती. एप्रिल २०१४ मध्ये अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत खोदकाम झालं आणि कॅसेट बाहेर निघाल्या. त्यात ‘ई.टी.’ होताच, बाकीचेही अनेक गेम होते.

दुसरी गोष्ट ‘पॉलिबियस’ची. १९८१ मध्ये पोर्टलंड शहरात हे गेमचं मशीन होतं, ते खेळून मुलांना झटके यायचे आणि काळ्या सुटातली माणसं येऊन त्यातली माहिती घेऊन जायची, असं म्हणतात. हे मशीन आजवर कुणाला सापडलेलं नाही. १९८१ मधल्या एकाही मासिकात त्याचा उल्लेख नाही. गोष्ट दिसू लागते ती इंटरनेट आल्यानंतर.

पुरलेल्या कॅसेट आणि ‘पॉलिबियस’ दोन्ही सारख्याच अविश्वसनीय. फरक आहे तो पहिल्या नोंदीच्या तारखेत. जी गोष्ट घडली, तिचा माग त्याच काळात सापडला. जी घडली नाही, तिची पहिली नोंद बऱ्याच वर्षांनी उगवली. ‘न्यूक्लियर गांधी’चा बग याच दुसऱ्या रांगेत बसतो.

आपल्याला याचं काय?

गेममधल्या बगची अफवा खरी मानली म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही. पण हीच पद्धत गांधीजींच्या नावावर रोज वापरली जाते. जगात जो बदल हवा तो आधी स्वतः व्हा, या अर्थाचं त्यांच्या नावाने फिरणारं प्रसिद्ध इंग्रजी वाक्य त्या शब्दांत त्यांच्या लेखनात सापडत नाही. आधी ते दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात, या अर्थाच्या वाक्याचंही तसंच. त्याच्याशी मिळतंजुळतं बोलणं १९१८ मधल्या एका अमेरिकन कामगार नेत्याच्या भाषणात आहे. तरी दर २ ऑक्टोबरला ही वाक्यं गांधीजींच्या फोटोवर छापून फिरतात. त्यांना बदनाम करणारी बनावट वाक्यंही तशीच फिरतात.

‘न्यूक्लियर गांधी’ची गोष्ट पसरली कारण ती हुशार वाटत होती. तिच्यात आकडे होते, कोड होता, कारण होतं. आपल्याला फसवणारा मेसेज दरवेळी अडाणी भाषेत येत नाही. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ म्हणणारा, टक्केवारी देणारा, बारीक तपशील सांगणारा फॉरवर्ड जास्त पटकन पुढे जातो, कारण तो पाठवणाराही जाणकार ठरतो. ‘स्पष्टीकरण बरोबर वाटतंय’ आणि ‘असं घडलंय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न पुरेसे आहेत. हे सर्वांत आधी कुठे आणि कधी लिहिलं गेलं? ते लिहिणाऱ्याने मूळ वस्तू, म्हणजे कोड, पुस्तक किंवा कागद, स्वतः पाहिला होता का? आणि ज्यांना नक्की माहीत असायला हवं, त्यांना कुणी विचारलंय का?

गांधीजींच्या बगबद्दल हे प्रश्न विचारायला २०१९ उजाडावं लागलं. गेम बनवणारी माणसं तोपर्यंत हयात होती आणि विचारल्यावर बोललीही. बाकीच्या बऱ्याच अफवांच्या बाबतीत विचारायला माणूसच उरत नाही, तेव्हा जुने कागद आणि त्यावरच्या तारखा शोधण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही.